केवडियाची फेरी आणि हायड्रोजनची बस: बडोद्यातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याचं प्रकरण

मामांचा फोन रात्री साडेदहानंतर आला, की एकतर गाडी रस्त्यात बंद पडलेली असते, नाहीतर एखाद्या पार्टीने पैसे अडकवलेले असतात. ऑगस्ट २०२५ मधल्या त्या फोनमध्ये दोन्ही नव्हतं. "हायड्रोजनची बस घ्यायची का रे?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत, "उद्या शेडवर ये, कागद दाखवतो."

मामांचा ट्रॅव्हल्सचा धंदा दांडिया बाजारातल्या एका खोलीतून चालतो. अकरा गाड्या, मकरपुऱ्याच्या बाजूला पत्र्याची शेड आणि मुख्य कामं दोन: दिवसा केवडियाच्या सहली, रात्री पुण्याची गाडी. पुण्याच्या गाडीवर त्यांचा जीव, कारण तिच्यातले निम्मे प्रवासी नात्यातले किंवा नातेवाइकांच्या नात्यातले. पण घर चालतं ते केवडियावर. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरदार पटेलांच्या पुतळ्याचं उद्घाटन झालं आणि डभोईवरून जाणाऱ्या त्या रस्त्याचं नशीब पालटलं. येऊन-जाऊन साधारण १८० किलोमीटर, तिथलं फिरवणं धरून २००. सोमवारी पुतळा बंद असतो, म्हणून मामांकडे गाड्या धुण्याचा वार सोमवार.

कागद होता एका कारखान्याचा. त्यांचे पाहुणे आणि कामगार यांच्या केवडियाच्या फेऱ्यांसाठी तीन वर्षं एक बस कायमची बांधून घ्यायची होती. दर चांगला, पैसे महिन्याच्या महिन्याला. अट एकच: गाडी "शून्य उत्सर्जनाची" हवी, आणि पुढे कंसात लिहिलेलं, "शक्यतो हायड्रोजन". साहेबांना वार्षिक अहवालात फोटो छापायचा असणार, असं मामांचं म्हणणं. माझंही तेच.

मी केमिकल इंजिनिअर. बावीस वर्षांत माझ्या शिक्षणाचा मामांना उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मीही जरा हुरूपाने बसलो. तीन आठवडे आमची कागद-पेन्सिल चालली. आकडे ठोकळ आहेत, पण बसवाल्याला निर्णय घ्यायला पुरेसे.

आधी तो किटवाला

मी पोहोचायच्या आधीच मामेभावाने एका किटवाल्याला बोलावून ठेवलं होतं. डिझेलच्या बसला पाण्याचा डबा बसवायचा, गाडीच्याच विजेने पाणी फोडायचं, निघालेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन इंजिनात सोडायचा. अ‍ॅव्हरेज तीस टक्क्यांनी वाढणार, धूर बंद, आणि पार्टीला सांगायला "हायड्रोजनची गाडी" तयार. किंमत एका चांगल्या टायरच्या जोडीएवढी.

यावर फार वेळ घालवू नये, पण फसणारे पुष्कळ आहेत म्हणून सांगतो. ती वीज येते डायनॅमोतून, डायनॅमो फिरतो इंजिनावर, इंजिन चालतं डिझेलवर. डिझेलच्या १०० भाग उष्णतेतले इंजिनाच्या हाती लागतात चाळीसेक. डायनॅमो आणि पाणी फोडणं या दोन्ही टप्प्यांवर आणखी तूट येते आणि हायड्रोजनच्या रूपाने उरतात जेमतेम चौदा-पंधरा. ते पुन्हा त्याच इंजिनात जाळायचे. मामा हे ऐकून म्हणाले, "म्हणजे शंभराची नोट मोडायला दिली आणि हातात पंधरा आले." किटवाल्याने चहा घेतला आणि गेला.

मामांना त्या दिवशी एक गोष्ट मात्र पक्की कळली: हायड्रोजन जमिनीतून उपसून आणायचं इंधन नाही, तो आधी बनवावा लागतो. ज्याने बनवायचा ती वीज किंवा तो गॅस कुठला, हे विचारल्याशिवाय त्याला स्वच्छही म्हणता येत नाही आणि घाणही.

शेजारीच शिजतोय

बडोद्यात बसून हायड्रोजनला "उद्याचं इंधन" म्हणणं म्हणजे जरा विनोदच. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे आणि तिथे हायड्रोजन टनांनी लागतो. छाणी ओलांडली की फर्टिलायझरनगर. तिथल्या १९६२ मध्ये स्थापन झालेल्या खत कंपनीला अमोनिया बनवायचा तर हायड्रोजन हवाच, कारण अमोनियाच्या दर १७ किलोंमध्ये ३ किलो तोच असतो. म्हणजे या शहराच्या उत्तरेला दोन-तीन पिढ्या हायड्रोजन रांधला जातोय, फक्त तो कुणाच्या गाडीत जात नाही.

तसंही पूर्ण खरं नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाखांत १० भागांवर आणावं लागलं. हे गंधक काढायचं काम रिफायनरीत हायड्रोजनच करतो. मामांच्या अकराही गाड्या रोज हायड्रोजनने धुतलेलं डिझेल पितात. हे सांगितल्यावर त्यांनी वॉशिंगकडे उभ्या असलेल्या गाडीकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती इतकी वर्षं काहीतरी लपवून होती.

"मग कोयलीहून एक पाइप टाका ने इथपर्यंत!" हा पुढचा सवाल. अडचण दुहेरी आहे. रिफायनरीतला हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि वाफ यांच्यापासून होतो आणि एक किलोमागे साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय बसमधल्या फ्युएल सेलला तो फार शुद्ध लागतो, ९९.९७ टक्के. त्यात कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत एक भागाहूनही कमी असावा लागतो, नाहीतर आतला प्लॅटिनमचा थर कामातून जातो. आपल्या फिल्टर कॉफीवाल्या शेजाऱ्यांइतकाच हा सेल नखरेल.

सेलचं काम मात्र सुंदर आहे, हे कबूल केलं पाहिजे. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा, मधे पातळ पडदा. जाळ नाही, पिस्टन नाही. वीज तयार होते, तिच्यावर मोटर फिरते आणि सायलेन्सरच्या जागी असलेल्या नळीतून पाण्याची वाफ. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत इंडियन ऑइल आणि टाटा मोटर्सची अशी बस रस्त्यावर आली. चार सिलिंडर, त्यांत ३५० बार दाबाने, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण ३५० पट दाबाने भरलेला हायड्रोजन, आणि किलोला १२ किलोमीटरच्या वर अ‍ॅव्हरेज. आमचा सगळा हिशोब याच १२ वर उभा आहे.

सायलेन्सर की चिमणी

केवडियाची एक फेरी २०० किलोमीटर, म्हणजे १७ किलो हायड्रोजन. पाण्यापासून तो बनवायला किलोमागे ५० ते ५५ युनिट वीज जाते, वर दाबून भरायला आणखी थोडी. रोजची गोळाबेरीज १००० युनिट.

मोठी वातानुकूलित बॅटरी बस किलोमीटरला सव्वा युनिटच्या आसपास खाते. चार्जिंगमधली तूट धरून २०० किलोमीटरला २७० युनिट. डिझेलच्या गाडीला, मामांच्या वहीप्रमाणे लिटरला चारच्या हिशोबाने, ५० लिटर.

मग मी कार्बनचा रकाना भरला आणि माझीच पंचाईत झाली. ५० लिटर डिझेल जाळलं की सायलेन्सरमधून १३४ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेल उपसणं, आणणं, शुद्ध करणं धरलं तर १६० च्या घरात. आपल्या ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, वीज अजून बरीचशी कोळशाची, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो. म्हणजे ग्रिडच्या विजेने हायड्रोजन बनवला तर एका फेरीला ७०० किलो. कोयलीच्या पद्धतीने बनवला तर १७०. आणि जिची मी मनातून शिफारस करायला निघालो होतो ती बॅटरीची बस? १९०.

"म्हणजे डिझेलच बरं ने?" मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा विजय होता.

इथे सोपं उत्तर नव्हतं. ग्रिडवर चार्ज केलेली बॅटरी बसही काही धुतल्या तांदळासारखी नाही. तिचा धूर डभोईच्या बाजारात न निघता कुठल्यातरी वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो एवढंच. रस्त्यावरच्या माणसाच्या फुप्फुसाला तो फरक मोठा आहे, आणि ग्रिडमध्ये वारा आणि ऊन यांचा वाटा वाढेल तशी तीच बस काही न बदलता स्वच्छ होत जाईल. पण करारात "शून्य" लिहिलंय, आणि ते शून्य नळीच्या तोंडाशी मोजायचं की चिमणीच्या, हे लिहिलेलं नाही. मी मामांना म्हटलं, पार्टीला हे आधी विचारा. त्यांनी विचारलं. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि त्यात "योग्य त्या निकषांनुसार" असं होतं. निकष कुठले, तेही नव्हतं.

सरकारची व्याख्या मात्र स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ठरलं, की एक किलो हायड्रोजनमागे २ किलोंपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड निघत नसेल तरच तो हरित. म्हणजे १७ किलोंना ३४. ही व्याख्या पाळायची तर वीज सूर्याची किंवा वाऱ्याचीच हवी.

छपराचा हिशोब

सूर्याची म्हटल्यावर मामांनी वर पाहिलं. शेडचा पत्रा साडेसहा-सात हजार चौरस फूट. आपल्याकडे एक किलोवॅटच्या सोलरला शंभरेक चौरस फूट लागतात आणि वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट पडतात. बॅटरीच्या बसला रोज २७० युनिट म्हणजे ६७-६८ किलोवॅट, म्हणजे हेच छप्पर, काठोकाठ. हायड्रोजनच्या बसला १००० युनिट म्हणजे २५० किलोवॅट आणि पंचवीस हजार चौरस फूट. तशी चार छपरं लागली असती, एका बससाठी.

मला वाटतं मामांच्या डोक्यात निर्णय इथेच झाला. टक्के, बार, किलोवॅट हे शब्द त्यांनी मान डोलावून ऐकले होते, पण छप्पर त्यांनी स्वतः उभं केलंय. त्याचा प्रत्येक पत्रा त्यांना ठाऊक आहे.

मी तरी सोडलं नाही. उन्हाची १००० युनिटं हाती आहेत असं धरा, म्हटलं. हायड्रोजन करून बसमध्ये घातली तर एक डिझेल बस सुटते, १३४ किलो वाचतात. बॅटऱ्यांत भरली तर पावणेचार बसगाड्या सुटतात, ५०० किलो. काहीच न करता ग्रिडला दिली तर तेवढा कोळसा वाचून ७००. आणि त्याच विजेचा हायड्रोजन कोयलीत किंवा फर्टिलायझरनगरला दिला, तिथला गॅसवाला हायड्रोजन तेवढा कमी करून, तर १८० किलो. म्हणजे बसमध्ये घालण्यापेक्षा ते बरं, कारण तिथे दाबून भरायचा नाही, वाहून न्यायचा नाही, आणि मुख्य म्हणजे तिथे दुसरा उपाय नाही. बसला बॅटरी चालते. खताला बॅटरी चालत नाही, अमोनियाला हायड्रोजनचा अणूच लागतो.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन मोहीम मंजूर केली, १९,७४४ कोटींची, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवून. वर्तमानपत्रांत तिच्या बातमीशेजारी फोटो येतो बसचा, कारण खताच्या कारखान्यातल्या नळ्यांचा फोटो कोण बघतो? पण स्वच्छ हायड्रोजन तयार झाला तर पहिला घास त्या नळ्यांचा असायला हवा, असं माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं.

पैशांचं थोडक्यात. पानिपतच्या रिफायनरीसाठी २०२५ मध्ये हरित हायड्रोजनचा दर ठरला तो किलोला ३९७ रुपये. तोही कारखान्याच्या दारात, नळीतून घेतलेला. त्या दराने केवडियाची फेरी पावणेसात हजारांची, वर दाबणं, आणणं, पंपाचा खर्च वेगळा. डिझेलची साडेचार हजारांची. विजेची, आठ-नऊ रुपये युनिट धरून, अडीच हजारांच्या आत.

पत्रा, पंप आणि डभोईचे बैल

हायड्रोजन सगळ्यांत हलका, म्हणून गळला तर वर जातो. मोकळ्या मैदानात ही चांगलीच गोष्ट, डिझेलसारखं तळ्यासारखं साचत नाही. पण मामांच्या शेडला वर कोळंबा, म्हणजे हवा जायची फट, बंद आहे, पाऊस येऊ नये म्हणून त्यांनीच बुजवून घेतलेला. गळलेला वायू तिथे जाऊन बसणार. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही मिसळला तरी पेट घेतो, ठिणगी अगदी क्षुल्लक पुरते, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. वासही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोयलीत बेन्झिनच्या टाकीला आग लागली तेव्हा धूर आमच्या गच्चीवरून दिसत होता. तो हायड्रोजन नव्हता, पण त्यानंतर शेडवरच्या मेकॅनिकला "गॅसची नवीन गाडी" म्हटलं की तो आधी मागे सरकतो. त्याला समजावता येईल, वायुशोधक बसवता येतील, कोळंबा उघडता येईल. सिलिंडर, भरणं, साठवण या सगळ्याला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची, म्हणजे स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, परवानगी लागते, तीही काढता येईल. सीएनजी आली तेव्हाही लोक बिचकले होते, आज रिक्षावाले त्या सिलिंडरवर डोकं टेकून झोपतात.

खरी अडचण पंपाची होती. मार्च २०२५ मध्ये केंद्राने प्रायोगिक वाहतुकीचे पाच प्रकल्प मंजूर केले: ३७ बस आणि ट्रक, ९ पंप, देशभरात १० मार्ग, आणि त्यांत अहमदाबाद–बडोदा–सुरत आहे. साहेबांनी कुठेतरी तेच वाचलं असणार. पण प्रयोगाच्या ३७ गाड्यांसाठी पंप असणं आणि एका खासगी बसवाल्याला रोज पहाटे साडेपाचला १७ किलो हायड्रोजन मिळण्याची हमी असणं, यांत फार अंतर आहे. पार्टीचे पाहुणे सहाला हॉटेलच्या दारात उभे असतात.

डभोई हा शब्द आला की मामांना त्यांच्या आजोबांची गोष्ट आठवतेच. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम अशी छोटी रेल्वे झाली, देशातली पहिली अरुंद गेजची. आणि ती ओढायला होते बैल. पुढे इंजिनं आणली, तर रूळच त्यांचा भार सोसेनात. पुन्हा बैल जुंपले. १८७३ मध्ये जड रूळ टाकले तेव्हा कुठे इंजिनं धावली. "इंजिन वाईट नव्हतं रे," मामा म्हणाले, "खाली रूळ नव्हते." त्यांनी हे पंपांबद्दल म्हटलं की आजोबांची आठवण म्हणून, ते मी विचारलं नाही.

पुण्याची गाडी

मामांचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "केवडियाचं सोड. पुण्याला चालेल?"

पुणे साडेपाचशे किलोमीटर. रात्री निघायचं, सकाळी पोहोचायचं, दुपारी परतीची तयारी. इथे बॅटरीची बस अडखळते. मधे तासभर तरी चार्जिंगला उभं राहायचं, तेही रात्री दोनला, वापीच्या पुढे, झोपलेली पोरं घेऊन. हायड्रोजन भरायला लागतात दहा-बारा मिनिटं, तेवढा वेळ ड्रायव्हर तसाही चहाला थांबतो. म्हणजे लांबच्या, न थांबणाऱ्या गाडीत हायड्रोजनचं पारडं खरोखर जड आहे, आणि मी ते तसंच सांगितलं.

पण टाक्यांत २० किलो बसतात असं धरलं, तर गाडी जाते २४० किलोमीटर. पुण्याला ४६ किलो लागणार. वाटेत दोनदा भरा, नाहीतर टाक्या वाढवा. ३५० बारला २० किलो ठेवायला आठशेच्या वर लिटर जागा लागते, ४६ किलोंना एकोणीसशे. ती डिकीतून घेतली तर पार्सल जाणार. आणि पुण्याच्या गाडीचा निम्मा नफा डिकीत असतो: लीला चिवड्याची खोकी, भाकरवडी, लग्नसराईत साड्यांची गाठोडी, एकदा तर चक्क पाळणा. टपावर टाक्या ठेवता येतात, दिल्लीतल्या गाड्यांसारख्या, पण मग गाडीची उंची आणि स्लीपरचे वरचे बर्थ यांचं गणित बसवावं लागतं. मामेभावाने तिथल्या तिथे चित्र काढलं. वाईट नव्हतं.

काय ठरलं

पार्टीला मामांनी लिहून दिलं, की हायड्रोजनची बस देता येणार नाही, बॅटरीची देतो, आणि तिला लागेल तेवढी वीज शेडच्या छपरावरून वर्षभरात ग्रिडला परत करतो, मीटरचं बिल दाखवून. बस दिवसा केवडियाला आणि ऊन दिवसा छपरावर, म्हणून सरळ चार्जिंग जमत नाही. दिवसा द्यायची, रात्री घ्यायची. गाडीची किंमत डिझेलच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे करार तीनऐवजी पाच वर्षांचा मागितला. पार्टीने घासाघीस करून चारवर आणला. "शक्यतो हायड्रोजन" हे शब्द त्यांनी कागदावरून काढले नाहीत, खाली एक ओळ घातली: उपलब्ध झाल्यास पुनर्विचार. २०२१ मध्ये केवडिया फक्त विजेवरच्या वाहनांचं क्षेत्र करण्याची घोषणा झालीच होती, त्यामुळे तिथल्या पार्किंगला ही गाडी पाहुणी वाटणार नाही.

पुण्याच्या गाडीसाठी मामांनी वहीत एक पान सोडलंय. वर तारीख, खाली तीन रकाने: किलोचा दर, पुण्याच्या वाटेवरचे पंप, टाकीचं वजन. दर दिवाळीत वहीपूजनाला ते भरायचं असं ठरलं. या दिवाळीला पहिल्या रकान्यात ३९७ लिहिलं, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात मामेभावाचं चित्र चिकटवलं.

सोलरवाला आला, त्याने पत्र्यावर चढून पाहिलं आणि सांगितलं की पॅनेलं आजच बसवता येतील, पण खालच्या कैच्या एवढं वजन पेलणार नाहीत, आधी त्या बदला. सध्या शेडमध्ये वेल्डिंग चालू आहे आणि गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या आहेत.